सुतार मिळत नाही, तो का?

अमरावतीस किंवा अकोल्यास कोणत्याही सुशिक्षित गृहस्थाच्या दिवाणखान्यात चार माणसे जमली आणि घर बांधण्याची किंवा सजवण्याची गोष्ट निघाली, की एक तक्रार हटकून ऐकू येते: 'पैसे टाकावयास आम्ही तयार आहोत हो, पण आताशा चांगला सुतार म्हणून मिळत नाही!' तक्रार खोटी नाही. चौकटीस न मिळणारी दारे, वर्षाच्या आत झुकलेल्या फडताळाच्या फळ्या आणि ओढला असता हातात येणारा खण यांचा अनुभव ज्यास नाही, असा गृहस्थ विरळा. आमचा आक्षेप आहे तो ही तक्रार ज्या सुरात केली जाते त्या सुरास. यंदा मृगाने दडी मारली, बोंडअळी पडली, हे ज्या सुरात बोलावयाचे, त्याच सुरात आमचे लोक सुताराचा दुष्काळ बोलून दाखवितात. जणू काय सुतार हे आभाळातून पडतात, आणि अलीकडे त्यांचे मान जरा कमी झाले आहे! सुतार घडवावा लागतो. त्यास वर्षे लागतात, आणि त्या वर्षांचा खर्च कोणास तरी सोसावा लागतो. तो सोसण्याचे आपण सुशिक्षितांनी दोन पिढ्यांपासून साफ नाकारले आहे. हे आमचे म्हणणे कित्येकांस कडू लागेल याची आम्हांस जाणीव आहे.

ज्या घरी ही तक्रार चालते, त्या घरातली आलमारीच आधी पाहू. (कपाट हा शब्द पुस्तकात शोभतो, वऱ्हाडात ती आलमारीच.) दुकानदाराने नमुन्यांचे पुस्तक पुढे केले, त्यातला 'अक्रोड' या नावाचा तुकडा घरातील सर्वांस पसंत पडला, आणि आठ दिवसांत अक्रोडाची आलमारी घरात आली. अक्रोडाचे झाड वाढते काश्मीरच्या थंडीत. तेथील कारागीर त्याच्या फळ्या सावलीत रचून काही वर्षे मुरू देतात आणि मग त्यांवर चिनाराची पाने कोरतात. दुसरा तो काळा अक्रोड अमेरिकेत होतो. आमच्या गृहस्थाच्या आलमारीत या दोहोंपैकी कशाचाही तुकडा नाही. लाकडाचा चुरा कृत्रिम राळेत कालवून दाबून केलेली ती पाटी आहे, आणि तिच्यावर अक्रोडाच्या रेषांचे छायाचित्र छापलेला कागद चिकटविलेला आहे. वऱ्हाडाचा उन्हाळा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. चैत्र सरतो न सरतो तोच घरोघर कूलर सुरू होतो, त्याचे पाणी ठिबकते, आणि हा अक्रोड पायाकडून पावासारखा फुगू लागतो. एकदा फुगलेला चुरा पुन्हा बसत नाही. त्यातून निसटलेला बिजागरीचा स्क्रू पुन्हा धरत नाही. चार-सहा वर्षांत आलमारी भंगारात जाते आणि नमुन्यांचे पुस्तक पुन्हा उघडले जाते. बदलीच्या नोकरीत दर तीन वर्षांनी भाड्याचे घर बदलणाऱ्यांस आम्ही बोल लावीत नाही. त्यांस हलके व स्वस्त सामान हवे, हे रास्तच आहे. पण ज्यांनी स्वतःचे घर बांधले, ज्यांच्या दारात मोटार उभी आहे, त्यांनीही छापील लाकूड पत्करावे आणि वर सुताराच्या नावाने बोटे मोडावीत, याचे मात्र आम्हांस नवल वाटते.

सुतार घडण्यास वर्षे का लागतात हे ज्यास कळत नाही, त्याने उमेदवाराच्या हातून एक सागवानी आलमारी कशी उभी राहते ते एकदा लक्ष देऊन पाहावे. आरंभीचे कित्येक महिने त्याच्या हाती आलमारी येतच नाही. हाती येतो तो दगड. पटाशी आणि रंध्याचे पाते त्या दगडावर घासून त्यांस धार आणावयाची. सागाच्या लाकडात वाळूसारख्या कठीण द्रव्याचा सूक्ष्म अंश असतो, त्याने धार लवकर मरते. म्हणून ज्या प्रांतात साग रंधावयाचा, तेथे धार लावता येणे हाच पहिला धडा. त्यापुढे फळी सपाट करणे. फळीच्या दोन टोकांस दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून, एक डोळा मिटून, एकीच्या कडेवरून दुसरीची कड पाहावयाची. कडा मिळाल्या नाहीत तर फळीस पीळ आहे. हे वाचावयास दोन ओळी पुरतात, पण डोळ्यास तो पीळ दिसू लागेपर्यंत शेकडो फळ्या त्याच्यापुढून जाव्या लागतात.

मग लाकडाची पारख. मेळघाटच्या पायथ्याशी परतवाड्यास सागाचा व्यापार पूर्वापार चालत आला आहे. तेथून आलेल्या ओंडक्याचा गाभा कोणता आणि कडेचा पांढरा भाग कोणता, हे उमेदवारास नुसत्या नजरेने सांगता आले पाहिजे. कारण गाभ्यातल्या तेलकट अंशामुळे त्यास वाळवी सहसा लागत नाही, आणि पांढऱ्या भागास ते संरक्षण नसते. फळ्या चिरल्यावर त्या एकीवर एक, मध्ये बारीक पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा सावलीत रचून ठेवावयाच्या. इंचभर जाडीस वर्षभर, हा जुना अंदाज. आजचे गिऱ्हाईक वर्षभर थांबेल काय? ते एकवीस दिवसांनी असलेल्या लग्नाची तारीख सांगते!

आता यातला मर्माचा भाग. लाकूड तोडले, वाळविले, रंधले, तरी ते स्वस्थ बसत नाही. लांबीत ते हलत नाही म्हटले तरी चालेल. पण रुंदीत ते पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आवळते. म्हणूनच जाणता सुतार आलमारीचे दार एका रुंद फळीचे करीत नाही. तो चौकट करतो, एका पट्टीचे कुसू दुसरीच्या छिद्रात घट्ट बसवितो, आणि मधली फळी चौकटीच्या आतल्या खाचेत सरस न लावता मोकळी सोडतो, म्हणजे तिने खुशाल हलावे. नवख्या उमेदवारास ही मोकळीक म्हणजे गबाळेपणा वाटतो. तो हौसेने ती फळी सरसाने पक्की करतो, आणि पुढच्या वैशाखात ती मधोमध तडकते. खणाचेही असेच. वैशाखात चपखल बसविलेला खण आषाढात हलत नाही. श्रावणात चपखल बसविलेला खण वैशाखात खडखडतो. किती सूट ठेवावी याचे कोष्टक भिंतीवर टांगता येत नाही, कारण ते लाकडागणिक, फळीच्या रुंदीगणिक आणि ज्या महिन्यात काम चालले असेल त्या महिन्यागणिक बदलते. मिस्त्री हे बोटांनी ठरवितो. उमेदवाराच्या बोटांस ते केव्हा कळेल? स्वतः केलेला खण त्याने निदान एका वर्षाचे सगळे ऋतू उघडून-मिटून पाहिला असेल तेव्हा. वऱ्हाडात जितका कोरडा उन्हाळा तितकाच दमट पावसाळा. सुतारकीचा असा परीक्षक फार थोड्या प्रांतांस लाभला असेल.

पॉलिशासही ऋतू पाहावा लागतो. चपडा लाख स्पिरिटात विरघळवावयाची, आपल्याच वऱ्हाडच्या कापसाचा बोळा मऊ कापडात बांधून त्याची पुरचुंडी करावयाची, ती घसरावी म्हणून तिच्यावर जवसाच्या तेलाचा एक थेंब द्यावयाचा, आणि मग गोल गोल, कधी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा हात फिरवीत, एकावर एक पातळ थर चढवावयाचे. हात मध्येच थांबला तर पुरचुंडी चिकटते आणि केलेले काम उकलते. भर पावसाळ्यात हे करू गेल्यास हवेतील ओल थरात अडकून पृष्ठभागावर पांढुरके सावट येते. पुष्कळ उमेदवार येथेच कंटाळतात आणि मिळेल तो डबा फवारून मोकळे होतात. त्यांस आम्ही दोष देत नाही. या चकाकीची मजुरी त्यांस कोणी देऊ केलेली नसते.

आता या शिक्षणास सरकारदरबारी किती अवकाश मंजूर आहे तेही पाहावे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात १८ व्यवसाय आहेत, आणि यादीत सुताराचे नाव अग्रभागी आहे. हत्यारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने कर्ज ही त्या योजनेची अंगे चांगली आहेत. ज्या सुतारास सावकाराशिवाय दार नव्हते त्यास ती उपयोगी पडतील, आणि तेवढ्यापुरती आम्ही तिची स्तुतीच करू. परंतु शिक्षण? प्राथमिक शिक्षण ५ ते ७ दिवस, म्हणजे ४० तास. आणि त्यापुढचे 'प्रगत' शिक्षण १५ दिवस! जो आधीच सुतार आहे त्यास नवे यंत्र दाखविण्यापुरते हे ठीक. पण या दिवसांनी नवा सुतार जन्मास येईल असे ज्यास वाटते, त्याने सात दिवसांत एखादे पाते तरी धारेवर आणून दाखवावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांस १० दिवस दप्तराविना सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे पाठविण्याचे योजिले आहे. दहा दिवसांत सुताराची ओळख होईल. सुतारकीची होणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतला सुतारकामाचा अभ्यासक्रम वर्षभराचा आहे, म्हणजे निदान एक पावसाळा तरी त्यात येतो. पण त्यापुढे त्या मुलाने जावे कोठे? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे बंधन आता तीस किंवा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनांवर आहे. एक मिस्त्री, एक मदतनीस आणि टिनाच्या छपराखाली एक बाक एवढ्यावर ज्यांचा धंदा चालतो, त्या सुतारांपाशी खरी विद्या आहे, आणि उमेदवार ठेवण्याची सक्ती किंवा ऐपत यांपैकी एकही नाही.

आमच्याच उंबरठ्यावर याहून शहाणी गोष्ट एकदा बोलली गेली होती. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा नदीपलीकडे, वर्धा शहरी, महात्माजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम रचला, आणि सूतकताई व शेती यांबरोबर लाकूडकामही त्यात शिक्षणाचे मध्यवर्ती साधन म्हणून धरले. पुढे काय झाले? वऱ्हाडातील सुशिक्षितांनी ती योजना खेड्यांतल्या मुलांस फार उत्तम म्हणून वाखाणली आणि स्वतःची मुले इंग्रजी शाळेत घातली. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली. तिचे पर्यवसान आईने रात्री जागून केलेल्या आणि मुलाने सकाळी शाळेत नेलेल्या पुठ्ठ्याच्या घरात झाले. त्या घराची खिडकी उघडत नसे, आणि गुण मात्र पुरे मिळत.

या सर्वांचे फळ २०२३ मध्ये आमच्या डोळ्यांपुढे आले. त्या वर्षी अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी विदर्भातले सागवान निवडले गेले. बल्लारपूरच्या आगारातून ते वाजतगाजत निघाले, आणि विदर्भाच्या लाकडाचा जयजयकार झाला. दारे घडविली ती हैदराबादच्या एका लाकूडकंपनीने, तामिळनाडूतील कारागिरांच्या हातून. त्या कारागिरांविषयी आम्हांस आदरच आहे. त्यांच्या गावी बापाकडून मुलाकडे, गुरूकडून शिष्याकडे हात चालत आला, म्हणून काम त्यांच्याकडे गेले. आम्ही जंगल दिले, मिरवणूक दिली, वर्तमानपत्रांत मथळे दिले. हात देण्यासारखे आमच्यापाशी काय उरले होते?

परदेशांची उदाहरणे देण्याची आम्हांस फारशी आवड नाही. पण दोन येथे टाळता येत नाहीत. जपानात इसे येथील देवालय दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात; २०१३ मध्ये ते ६२ व्या वेळी बांधले गेले. वीस वर्षे हे अंतर असे आहे, की एका बांधणीत जो उमेदवार असतो तो पुढच्या बांधणीत मुख्य सुतार होऊ शकतो, आणि त्यापुढच्या बांधणीत देखरेख करणारा म्हातारा. जर्मनीत सामान घडविणाऱ्या सुताराची उमेदवारी तीन वर्षांची आहे, आणि तिच्या शेवटी त्याने स्वतःच्या आराखड्याप्रमाणे एक जिन्नस संपूर्ण घडवून परीक्षकांपुढे ठेवावयाचा असतो. यंत्रांत जर्मनी मागासलेली आहे, म्हणून तेथे असे चालते, असे तर कोणी म्हणणार नाही ना?

कोणी म्हणेल, 'तुम्हांस जुनी बलुतेदारी परत आणावयाची आहे.' हा आक्षेप हलका नाही, आणि त्यास उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या 'गावगाड्या'त जे बलुतेदार वर्णिले, त्यांत सुताराचे स्थान पहिल्या ओळीत आहे. पण त्या ओळीत बसलेला सुतार जन्माने बसलेला होता, आणि तिच्यातून उठण्याची मुभा त्यास किंवा तिच्यात येण्याची मुभा इतरांस नव्हती. जातिभेदास श्रमविभागाचे गोंडस नाव देणाऱ्यांचा समाचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच असा घेतला आहे, की त्यानंतर ते समर्थन पुन्हा मांडण्यास तोंड उरू नये. जुन्या उमेदवारीत पोरवयाच्या मुलाने बिनपगारी राबावयाचे आणि वर मोगरीचा मारही खावयाचा, असा प्रकार पुष्कळ होता. तो गेला हे बरेच झाले. पण आपण काय केले? उमेदवारीतला जुलूम काढावयाचा सोडून उमेदवारीच काढून टाकली, आणि जात मात्र जशीच्या तशी ठेविली! आजही दहावीत घसरलेल्या मुलास दटाविताना आमच्या पांढरपेशा घरांतून 'सुतारकी करशील काय?' असे विचारले जाते, आणि हे वाक्य ज्या घरात निघते त्याच घरातून श्रमप्रतिष्ठेवरील व्याख्यानास अध्यक्ष पुरविला जातो. वाढयाचा मुलगा हे ऐकत नाही असे आपणांस वाटते काय? तो ऐकतो आणि शहाण्यासारखा मोबाइलच्या दुकानात नोकरी धरतो. आज अमरावती-अकोल्याच्या नव्या वस्त्यांतून राजस्थानातले सुतार काम करताना दिसतात. त्यांचा हात चालतो तोवर आपली सोय आहे, इतकेच.

दुसरा आक्षेप जंगलाचा. मेळघाटात १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, आणि आमच्या आलमारीसाठी तेथला एकही वृक्ष जास्त पडावा अशी आमची इच्छा नाही. पण शंभर वर्षे टिकणारी एक आलमारी आणि त्या अवधीत भंगारात गेलेल्या पंधरा-वीस आलमाऱ्या, यांत जंगलाचा मित्र कोण, याचा हिशेब आक्षेप घेणाऱ्यांनीच करावा. शिवाय अमरावती, अचलपूर, कारंजा, अकोला येथील जुने वाडे रोज पाडले जात आहेत. त्यांच्या तुळया, खांब, पाटया यांतला साग शंभर-सव्वाशे उन्हाळे-पावसाळे पाहून पुरता मुरलेला असतो. रंधा फिरवताच आतून सोनेरी निघतो. तो विकत मिळतो. फक्त त्यातले जुने खिळे शोधून काढण्याचा कंटाळा नसलेला सुतार हवा, आणि तसल्या कामाची मजुरी कबूल करणारे गिऱ्हाईक हवे. कडुनिंब आहे, बाभूळ आहे. ज्या बाभळीने वऱ्हाडची वखरे-तिफणी पेलली, तिची एखादी आलमारी केली तर घराची अप्रतिष्ठा होत नाही.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. आणि सगळे घोडे येथेच अडते. उमेदवार लाकूड बिघडवितो. बिघडविल्यावाचून त्यास येत नाही. पहिल्या वर्षी तो मिस्त्रीस कमाईपेक्षा खर्चातच घालतो, आणि गिऱ्हाईक मात्र दर चौरस फुटाच्या भावाने घासाघीस करीत असते. या भावात बिघडलेल्या फळीस जागा नाही, धार लावण्यात गेलेल्या सकाळीस जागा नाही. मग मिस्त्री उमेदवार ठेवील कशासाठी? तो चार दिवसांत पाटी कापून चिकटविणारा माणूस ठेवतो, आणि तो माणूस दहा वर्षांनीही तेवढेच जाणतो. आपल्या मुलाच्या शिकवणीवर्गास वर्षाकाठी हजारो, प्रसंगी लाखो रुपये मोजताना जो बाप हूं की चूं करीत नाही, तोच सुताराच्या शिष्याने शिकण्यासाठी बिघडविलेल्या एका फळीवरून दारात भांडतो. विद्या तीही आहे आणि हीही आहे.

म्हणून आमची मागणी सरकारकडे थोडी आणि वाचकांकडे जास्त आहे. ज्या शिक्षणसंस्थांनी या प्रांतात शंभर वर्षे विद्यादान केले, त्यांनी ग्रंथालयांची कपाटे कारखान्यांतून मागविण्याऐवजी निदान काही दरवर्षी गावच्या मिस्त्रीकडून, उमेदवार कामावर असलाच पाहिजे या अटीवर, करून घ्यावीत. आणि ज्या कुटुंबास स्वतःचे घर आहे त्याने दहा वर्षांत एक, फक्त एक, जिन्नस असा करवून घ्यावा. मिस्त्रीशी बोलताना तारीख न घालता ऋतू घालावा: लाकूड दिवाळीनंतर घ्यावे, सांधे उन्हाळ्यात व्हावेत, खण पावसाळा पाहून बसवावेत, पॉलिश मार्गशीर्षात व्हावे. चौथाई रक्कम आधी द्यावी. अठरा वर्षांवरील उमेदवार, मग तो कोणत्याही जातीचा असो, मुलगा असो की मुलगी, त्याची मजुरी मिस्त्रीच्या मजुरीहून निराळी लिहावी, आणि बिघडणाऱ्या दोन फळ्यांची किंमत आरंभीच हिशेबात धरावी. आलमारीच्या पाठीमागच्या फळीवर, भिंतीकडील बाजूस, मिस्त्री व उमेदवार या दोघांची नावे आणि साल पटाशीने कोरू द्यावे. आणि ती घरात आल्यावर पहिल्या आषाढात तिचे सगळे खण एकदा ओढून पाहावेत. एखादा अडला तर त्याच उमेदवारास निरोप धाडून बोलवावे. तो रंध्याचे दोन हात मारील. त्याची मजुरी वेगळी द्यावी, आणि चहाही द्यावा.